नळ उघडला की पेटणारी आग

रुखमाबाईनं ती आग पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या हातात राख लावलेलं पातेलं होतं. विठ्ठलरावांच्या घरामागच्या सपरीत, म्हणजे पत्र्याच्या उघड्या पडवीत, ती भांडी घासत बसली होती. तिच्या डोक्यावर भिंतीला एक पांढरी पेटी नव्यानंच टांगलेली. जवळपास माणूस नाही, काडी नाही, काही नाही. पेटीत आधी टिकटिक झालं, मग भप्पकन निळ्या ज्वाळांची रांग उभी राहिली. रुखमाबाई पातेल्यासकट उठली आणि मागं सरली. जरा वेळानं आग आली तशी निघून गेली.

ती स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. "काकू! तुमच्या डब्ब्याले आग लागलती. आपोआप विझली."

भागीरथाकाकू आतून हसल्या. "अवं, मी आत तोटी उघडली ना. गरम पाणी घेतलं. तोटी बंद केली का विझते ते."

"तुमी आत तोटी उघडली, हे बाहेर त्याले कसं समजलं?"

"मशीन आहे बाई. समजते त्याले."

एवढ्यावर दुसरी कोणी गप्प बसली असती. रुखमाबाईचा स्वभाव तसा नव्हता. लहानपणी गावच्या पिठाच्या गिरणीत ती दळणापेक्षा पट्ट्याकडंच पाहत राहायची, आणि पट्टा चाकावरून घसरत काहून नाही असं विचारून गिरणीवाल्याचं डोकं खायची. चौथीनंतर शाळा सुटली, विचारणं सुटलं नाही. लग्न होऊन पांढरकवड्याला आली ती एका जिनिंगमध्ये कामाला लागली. कापसातली कवडी, म्हणजे किडका-पिवळा कापूस, निवडायचं बायकांचं काम. पण तिनं हळूहळू यंत्राचंही पाहून घेतलं. चामड्याचा रूळ रुई ओढतो, सुरी ठोके देते आणि सरकी खाली पडते. यंत्राचा आवाज बदलला की ऑपरेटरच्या आधी हिची मान वर व्हायची.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव पडले, खरेदीची केंद्रं उशिरा उघडायला लागली, गाड्या जिकडं जमेल तिकडं जाऊ लागल्या. जिनिंग आधी हंगामभर चालायची, पुढं पुढं जेमतेम सुरू व्हायची आणि एका वर्षी फाटकाला कुलूपच लागलं. बायका पांगल्या. कोणी सोयाबीन सोंगायला गेली, कोणी विटांवर. रुखमाबाईचा नवरा भीमराज ट्रक चालवायचा, महिन्यातले बरेचसे दिवस नागपूर-हैदराबाद रस्त्यावर. तिनं शेजारच्या वस्तीत धुण्याभांड्याची कामं धरली. त्यातलं एक विठ्ठलरावांचं.

विठ्ठलरावांची केळापूरकडं शेती होती, पण उतारवयात नवराबायको गावातल्या घरी राहायला आले होते. काकूंच्या बोटांचे सांधे थंडीत आखडायचे. भारनियमन इतकं, की विजेचा गिझर घेऊन उपयोग नव्हता. वीज यायची तेव्हा आंघोळी झालेल्या असायच्या. म्हणून मुलानं गॅसचा गिझर पाठवला. तो सपरीत मोकळ्या हवेत बसवला. एक पाइप न्हाणीत गेला, एक भिंतीतून स्वयंपाकघरातल्या सिंकवर. सिलिंडर एकच, त्याच्या तोंडाशी दोन नळ्या, एक शेगडीला, एक गिझरला.

रुखमाबाईचं काम मात्र सपरीतच असायचं. भांडी बाहेर यायची, घासून उंबरठ्यावर ठेवली जायची. काकू ती पाणी मारून आत न्यायच्या. घरात नियम असा कोणी बोलून दाखवला नव्हता. तो होता, आणि रुखमाबाईलाही तो माहीत होता. तिच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, काकूंच्या घरात देव्हारा होता. काकू मनानं चांगल्या होत्या, चहा द्यायच्या. कप वेगळा असायचा.

त्यामुळं तिला तोटी दिसायची नाही, नुसती आग दिसायची. भांडी घासता घासता ती गिझरवर नजर ठेवायची. काही दिवसांत तिला एक गोष्ट कळली. छतावरची टाकी नुकतीच भरलेली असली की गिझर चटकन पेटतो. टाकी अर्ध्यावर आली की टिकटिक करत राहतो, कधी पेटतो, कधी नाही. हे तिनं विठ्ठलरावांना सांगितलं.

"बॅटरीचं काही असन," ते म्हणाले.

"बॅटरीले टाकीतलं पाणी कुठं दिसते, काकाजी?"

विठ्ठलराव वर्तमानपत्र खाली करून तिच्याकडं पाहत राहिले.

पौषातल्या एका सकाळी ती तोटीच बिघडली. रुखमाबाई नुकती येऊन बसली होती. डोक्यावर गिझर पेटला, आणि विझेचना. आतून काकूंचा आवाज आला, "अहो, ऐकलं का! बंदच नाही होऊन राह्यली!" विठ्ठलराव न्हाणीत होते. रुखमाबाई उठली आणि काही विचार न करता उंबरठा ओलांडून आत गेली. तोटीची मूठ काकूंच्या हातात गरगर फिरत होती, आतले आटे झिजून गेलेले. खाली सिंकमध्ये वाफाळतं पाणी धो धो पडत होतं आणि काकू पदरानं ते अडवायला पाहत होत्या.

"हात काढा, काकू!"

काकूंचा हात तिनं मागं ओढला, पण स्वतःचाच हात त्या धारेत गेला. मनगट पोळलं. ती तशीच बाहेर धावली आणि सिलिंडरचं रेग्युलेटर बंद केलं. आग गेली. पाणी मात्र पडतच होतं. मग ती छतावर चढली. टाकीखालचा वाल गंजून घट्ट बसलेला. तिनं पदर त्याच्या चाकाभोवती गुंडाळला, दात-ओठ खाऊन फिरवला. खालून काकूंनी ओरडून सांगितलं, "थांबलं व माय, थांबलं!"

ती खाली आली तेव्हा काकू वाटीत खोबरेल घेऊन उभ्या होत्या. रुखमाबाईनं आधी मनगटावर थंड पाणी ओतलं, हंड्यातलं, बराच वेळ. जिनिंगमध्ये एकीचा हात भाजला होता तेव्हा कंपाउंडरनं तसंच करायला लावलं होतं. काकू तिच्याकडं बघत होत्या. त्या दोघी स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या आहेत, हे बहुतेक दोघींच्याही एकाच वेळी लक्षात आलं. काकूंनी पाट सरकवला. "बस. चहा टाकते." मग शेगडीकडं वळल्या आणि म्हणाल्या, "गॅस तं तूच बंद केला." दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी नेमसिंग आला. तांड्यावरचा माणूस, पन्नाशी ओलांडलेला, डोक्याला मफलर, खांद्यावर हत्यारांची पिशवी. गावात नळयोजना आली तेव्हापासून तो हेच काम करत होता. त्यानं नवी पितळी तोटी काकूंना दाखवली आणि सरळ सपरीत आला.

"गॅस बंद हाये का?"

"आताच केला," रुखमाबाई म्हणाली.

तरी त्यानं स्वतःच्या हातानं रेग्युलेटर पाहिलं, गिझरचं बटण खाली केलं, मग गिझरच्या खालच्या पाइपावरचा छोटा वाल बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन तोटीखाली बादली ठेवली. न्हाणीतली गरम तोटीही उघडी करून ठेवायला सांगितली. ती उघडताच कालपासून थांबलेलं पाणी पुन्हा पडू लागलं.

"नेमसिंगभाऊ, वाल बंद केला ना? मंग पाणी काहून येऊन राह्यलं?"

"पाइपात हाये ते तं निघन ना."

"आन् गॅस कायले बंद केला? पाणी थांबलं का आग तशीही विझते."

नेमसिंग थांबला. त्याला इतकी वर्षं कोणी असं विचारलं नव्हतं. "विझते. पण एखाद दिवशी नाई विझली तं? आत तांब्याची नळी हाये. तिच्यात पाणी नसलं आन् खाली आग असली, तं नळी जळन. म्हणून आपण आपल्या हातानं बंद करायचा. मशीनच्या भरवशावर नाई राह्यचं."

"पण ते विझते काहून?"

"बाई, मले काम करू दे."

त्यानं बोटांच्या मागच्या बाजूनं पाइप चाचपला. गार होता. जुनी तोटी मात्र हलेना. तेव्हा त्याला आणखी एक हात लागला आणि विठ्ठलराव येईपर्यंत रुखमाबाईनं पाना धरलाही होता.

"हा पाना फक्त पकडून ठेव. फिरवू नको. भिंतीतला पाइप फिरला तं भिंत फोडा लागन." दुसऱ्या पान्यानं त्यानं तोटीवर जोर दिला. गंज कुरकुरला. रुखमाबाईनं सगळं अंग त्या एका पान्यावर टाकलं. पोळलेल्या मनगटातून कळ गेली तरी तिनं सोडलं नाही. तोटी सुटली. भिंतीतल्या पाइपातून तांबूस पाण्याचा शेवटचा घोट बादलीत पडला.

मग नेमसिंगनं पाइपाचे आटे जुन्या दातब्रशानं साफ केले आणि नव्या तोटीच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली. रुखमाबाईनं विचारलं, उजवीकडूनच काहून? तो म्हणाला, तोटी जिकडं फिरवून बसवायची तिकडूनच गुंडाळली तर घट्ट बसते, उलटी गुंडाळली तर फिरवताना सुटून येते. टेपचा तुकडा तिनं मागून घेतला आणि आपल्या बोटावर दोन्ही बाजूंनी गुंडाळून पाहिला. खरंच होतं. नेमसिंगला मनातून मजा वाटायला लागली होती. तोटी त्यानं आधी हातानं बसवली, शेवटचा वळसाच पान्यानं दिला. "जास्त जोर केला का पितळ चिरते."

छतावरचा वाल उघडला, मग खालचा. थंड पाणी आलं, आधी तांबडं, मग स्वच्छ. सांध्यावर थेंब नाही. गॅसच्या नळीला साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडा नाही. रेग्युलेटर उघडलं, बटण वर केलं. काकूंनी तोटी उघडली.

सपरीत काहीच झालं नाही. टिकटिकसुद्धा नाही.

सगळे पेटीखाली उभे राहून वर पाहत होते. "बॅटरी गेली," रुखमाबाई ठामपणे म्हणाली. विठ्ठलरावांनी टॉर्चमधले सेल काढून दिले. ते घालून पाहिले. काही नाही. तिचा अंदाज चुकला होता. नेमसिंगला वाटलं, गॅसच येत नसेल. पण शेगडी व्यवस्थित पेटली. त्याच्या कपाळाला घाम आला. तोट्या त्यानं पुष्कळ बसवल्या होत्या, हे गिझर मात्र गावात नुकते येऊ लागले होते.

"काकू, टाकी भरलेली हाये का?"

"सकाळीच भरली."

रुखमाबाई आत जाऊन तोटीकडं पाहू लागली. धार बारीक होती. नवी तोटी, भरलेली टाकी, आणि धार जुन्या तोटीपेक्षा बारीक. न्हाणीतही तशीच. ती बाहेर आली. "टाकी अर्धी असली का हा असाच रुसते, नेमसिंगभाऊ. याले पाणी कमी पडून राह्यलं. रस्त्यात कुठं अडलं का?"

नेमसिंगनं तिच्याकडं पाहिलं, मग गिझरच्या खालच्या जोडाकडं. पुन्हा गॅस बंद, पुन्हा वाल बंद. जोड खोलला तर आत बोटाच्या टोकाएवढी जाळी, आणि तिच्यावर गंजाचा थर. टाकीचा वाल इतक्या वर्षांनी फिरवला, तेव्हा सुटलेला गंज सगळा तिथं येऊन बसला होता. जाळी धुतली, बसवली. या खेपेला तोटी रुखमाबाईनं उघडली. बाहेरून टिकटिक ऐकू आली, मग भप्प.

"अरे याडी!" नेमसिंग आपल्या बंजारा बोलीत आईचं नाव घेत जोरात हसला.

त्या दिवसापासून भांडी आतल्या सिंकवर घासली जाऊ लागली. त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही. काकूंनी फक्त घासणी आत आणून ठेवली. कपाचं काय होतं ते रुखमाबाईनं पाहायचं ठरवलं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काकूंनी समोर येईल तो कप उचलून तिला दिला. रुखमाबाईनं चहा प्यायला आणि त्याबद्दल घरी कोणाला सांगितलं नाही.

तिच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. पाणी कमी पडलं तर आग पेटत नाही, एवढं आता पक्कं होतं. पण पाण्यानं गॅसला सांगावं कसं? दोन्ही वेगवेगळ्या नळ्यांतून येतात, एकमेकांना भेटत नाहीत. विठ्ठलराव म्हणाले, आत काहीतरी यंत्रणा असेल. भीमराज ट्रकवरून आला, तो म्हणाला, "ट्रकात डिझेलची टाकी अन् पाण्याची टाकी कधी बोलतात का? झोप आता." ती झोपली नाही.

संक्रांत होऊन गेली होती. नेमसिंग सायकलच्या कॅरिअरवर पोतं बांधून विठ्ठलरावांच्या दारात उभा राहिला. "रुखमाबाई हाये का? तिचा प्रश्न आणला."

पोत्यात जुना गिझर होता. हायवेवरच्या कुठल्याशा लॉजनं तो भंगारात टाकला होता, नागोराव भंगारवाल्याकडून नेमसिंगनं तो तसाच मागून आणला होता. सपरीत पोतं अंथरून दोघं बसले. नेमसिंगनं पत्रा काढला. आत तांब्याची नळी वेटोळी घेऊन बसलेली, खाली गॅसची बारीक बारीक भोकं. एका कोपऱ्यात पितळेचा जाड गोळा. पाण्याची नळी त्याच्या एका अंगाला, गॅसची दुसऱ्या अंगाला.

"इथंच भेटतात हे," रुखमाबाई हळूच म्हणाली.

स्क्रू गंजलेले होते. रॉकेल टाकून थोडा वेळ थांबावं लागलं. तेवढ्यात काकूही पाट घेऊन आल्या. गोळा दोन फाकींत उघडला. मध्ये पुरीएवढा काळा रबराचा पडदा, त्याच्या पाठीवर पातळ चकती, आणि चकतीतून निघालेली एक पितळी काडी पलीकडच्या गॅसच्या दारापर्यंत गेलेली.

रुखमाबाईनं अंगठ्यानं पडदा दाबला. काडी पुढं सरकली. गॅसचं दार टिचभर उघडलं. अंगठा काढला, स्प्रिंगनं दार बंद केलं. तिनं पुन्हा दाबला. पुन्हा.

"पाणीच ढकलते," ती म्हणाली. "धावतं पाणी या रबराले ढकलते, रबर काडीले, काडी दाराले. तोटी बंद केली, पाणी धावलं नाही, दार बंद. एवढंच हाये! कोणी कोणाले सांगत नाही, काकू. नुसतं ढकलते."

तिचा चेहरा असा फुलला होता की काकू पडद्याऐवजी तिच्याकडंच पाहत होत्या. मग त्यांनीही आपला आखडलेला अंगठा पुढं केला. विठ्ठलराव चष्मा शोधून आले आणि त्यांनीही दाबून पाहिलं. नेमसिंगनं पडदा उजेडात धरला. कडेला चीर गेली होती. "म्हणून हा मेलता. एवढ्याशा रबरापायी."

जाताना तो दारात घुटमळला. "एक सांगू का? माह्यासंग येत जा कामाले. बाई एकटी घरी असली का मले अर्धा दिवस दारात उभं ठेवते. मालक येऊ द्या म्हणते. तू संग असली तं सैपाकघरात जाता येईन. आन् माहे गुडघे आता शिडीवर चढत नाईत."

"मले कुठं येते काही?"

"विचारता तं येते."

भीमराजला तिनं हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग म्हणाला, "बायामाणसानं पाना घेऊन हिंडाचं? लोक काय म्हणतीन?"

"जिनिंगले कुलूप लागलं तेव्हा लोक काही बोलले का?"

तो खेपेला निघून गेला. परत आला तेव्हा गाडीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी जड आणलं. हैदराबादच्या बाजारातला पाइप पाना. इतका मोठा की ट्रकच्या कामाला शोभावा. घरच्या तोटीला तो लागणं शक्यच नव्हतं. रुखमाबाईनं तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. "हा कायले लागते?"

"मले काय माहीत. दुकानदार म्हणे चांगला हाये."

ती खूप हसली. टाक्यांचे गंजलेले वाल फिरवायला तो पुढं कामी आला.

भांड्यांची बाकीची कामं तिनं हळूहळू सोडली. पहिल्या वर्षी चुका झाल्या. एका घरी तिनं टेप उलटी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन सगळं पुन्हा करावं लागलं. एकीकडं दारातच विचारलं गेलं, "तुमी कोणाच्या?" तिनं सांगितलं. आतून बाईनं दार लोटलं. तोटी गळत राहिली आणि दोन दिवसांनी त्याच बाईचं बोलावणं आलं. रुखमाबाई गेली, काम केलं, पाणीसुद्धा न मागता परत आली. नेमसिंग म्हणाला, जायचंच नव्हतं. ती म्हणाली, "तोटीनं काय केलं?"

एकदा बसस्टँडमागच्या एका नव्या घरून बोलावणं आलं. दीपा नावाची सून, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. तोटी बदलायची होती. काम करता करता रुखमाबाईनं गिझर कुठं आहे विचारलं. न्हाणीच्या आत, दाराच्या वर. खिडकीला थंडीमुळं पुठ्ठा लावलेला.

"आंघोळ करताना कसं वाटते, पोरी?"

दीपा जरा गोंधळली. "डोकं दुखते. कधी चक्कर येते. सासूबाई म्हणतात, दिवस गेले असतीन."

रुखमाबाईनं रेग्युलेटर बंद केलं. मग पुठ्ठा काढला. तिला लॉजचा तो गिझर आठवला, आगीच्या वरचा काजळलेला पत्रा आठवला. आग श्वास घेते, तेव्हा कोंडलेल्या खोलीत माणसासाठी काय उरतं? एवढं समजायला तिला कोणाला विचारावं लागलं नाही. तरी नेमसिंगला बोलावून तिनं खात्री करून घेतली. तो पाहून पांढराफटक पडला. मागच्या वर्षी वणीकडं एका घरी असंच एक माणूस न्हाणीत जिवानिशी गेलं होतं, हे त्यानं दीपासमोर सांगितलं नाही, बाहेर आल्यावर सांगितलं.

सासू आधी ऐकायला तयार नव्हती. गिझर बाहेर लावला तर चोरीला जाईल, पाऊस लागेल. रुखमाबाई तिच्यापाशी बसली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. पाणी काय करतं, पडदा काय करतो, आग काय खाते. सांगता सांगता सासूच विचारायला लागली. मंग खिडकी उघडी ठेवली तं चालन का? पुरते का? काहून नाई पुरत? रुखमाबाईला उत्तरं द्यायला फार बरं वाटत होतं.

संध्याकाळपर्यंत गिझर मागच्या भिंतीवर, पत्र्याच्या छोट्या छपराखाली गेला. भिंतीला भोक पाडायला दीपाचा नवरा स्वतः छिन्नी घेऊन बसला. जोडांना फेस लावून झाला, न्हाणीतली तोटी उघडली आणि बाहेर आग पेटली तेव्हा दीपा बघायला बाहेर धावली.

आठवड्याभरानं ती बाजारात भेटली. भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाली, "मावशी, डोकं दुखत नाही आता."

"आन् चक्कर?"

दीपा लाजली. "ते अजून येते. ते दुसरंच हाये, म्हणतात."

रुखमाबाईनं दीपाच्या पिशवीतलं जड तेवढं काढून आपल्या पिशवीत टाकलं आणि तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत चालत गेली.